पायी पायी कोची

मुलांनो, वर्गाच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा बघा. मुंबईवर बोट ठेवा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकत या. रत्नागिरी गेलं, पणजी गेलं, कारवार, मंगळूर, कोझिकोड... आता कन्याकुमारीचं टोक यायच्या थोडं आधी थांबा. हे झालं कोची. घरातली मोठी माणसं अजून 'कोचीन' म्हणतात, तेच हे गाव. आपली मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कोची जेमतेम १० अंशावर. म्हणजे विषुववृत्त अगदी शेजारच्या आळीत! त्यामुळे इथली हवा बारा महिने उबदार आणि दमट. सकाळी घातलेला सदरा दहा वाजेपर्यंत पाठीला चिकटतो. पण झाडं? झाडं अशी की भिंतीच्या फटीतसुद्धा नेचे उगवलेले.

हे बंदर झालं कसं, त्याची एक गोष्ट सांगतात. पूर्वी इथून थोडं उत्तरेला, कोडुंगल्लूरला मोठं बंदर होतं. रोमन जहाजं तिथं मिरी न्यायला यायची. १३४१ मध्ये पेरियार नदीला भयंकर पूर आला. गाळानं जुनं बंदर भरून गेलं आणि कोचीपाशी समुद्राला नवं तोंड फुटलं. शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीची ही गोष्ट, बरं का! बंदर झालं तशी जहाजं आली, जहाजांमागून माणसं आली. अरब, चिनी, ज्यू, पोर्तुगीज, डच, इंग्रज. आणि आपल्या देशातलेही गुजराती, तमिळ, कोंकणी. जुन्या कोचीच्या एवढ्याशा पट्ट्यात आजही डझनभराहून जास्त भाषा बोलल्या जातात.

असं गाव मोटारीतून बघायचं नसतं. ते पायांनीच बघायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एक अख्खा दिवस ठरवला. बरोबर कुणी नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि एक वही. एकटं फिरण्याचा फायदा काय माहीत आहे? बरोबर मैत्रीण असली की आपण तिच्याशीच गप्पा मारतो. एकटं असलं की गावाशी बोलावं लागतं. (तुम्ही मात्र अजून काही वर्षं मोठ्यांबरोबरच जा हं!)

मल्याळम मला येत नाही. मग आदल्या रात्री चार शब्द पाठ केले. 'वेळ्ळम' म्हणजे पाणी, 'एविडे' म्हणजे कुठे, 'नन्नी' म्हणजे आभार आणि 'मदी' म्हणजे पुरे. यातला शेवटचा जेवताना फार उपयोगी पडतो!

सहा माणसांचं जाळं

कोचीचे दोन भाग. रेल्वे स्टेशन, उंच इमारती, मोठी दुकानं हे सगळं एर्नाकुलममध्ये. जुनं कोची पलीकडे. मधे वेंबनाड सरोवराचं रुंद पाणी. रस्त्यानं पूल ओलांडून जाता येतं, पण खरी मजा बोटीची. वीसेक मिनिटं लागतात, आणि तिकीट अगदी थोड्या रुपयांचं. २०२३ पासून कोचीत 'वॉटर मेट्रो'ही सुरू झाली आहे. विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या बोटी. मी मात्र सकाळची जुनी सरकारी बोट पकडली. तिचं इंजिन असं धडधडत होतं की बाकावर बसल्या बसल्या दात वाजावेत. कामावर जाणारे लोक शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. पाण्यावर जलपर्णीची हिरवी बेटं तरंगत होती. डाव्या हाताला विलिंग्डन बेट दिसलं. हे बेट देवानं केलेलं नाही, माणसानं केलंय! सुमारे शंभर वर्षांपूर्वी मोठ्या जहाजांसाठी बंदराचा तळ खोल खणला, आणि निघालेला गाळ एका जागी टाकत टाकत हे बेट तयार केलं.

फोर्ट कोचीला उतरून किनाऱ्यानं निघालं की समोर येतात ती चिनी जाळी. पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर तुम्ही त्यांचं चित्र पाहिलं असेल. प्रत्यक्षात बघितलं की वाटतं, एखादा प्रचंड कोळी पाण्यावर वाकून बसलाय.

गंमत बघा. आपल्या बागेतल्या सीसॉसारखंच हे यंत्र आहे. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ! लांब लाकडी दांड्याच्या एका टोकाला बांबूंच्या कमानींवर ताणलेलं जाळं. दुसऱ्या टोकाला दोऱ्या, आणि दोऱ्यांना बांधलेले मोठमोठे दगड. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस दांड्यावरून चालत पुढे गेला, तरी तेवढ्या वजनानं जाळं पाण्यात उतरतं. थोडा वेळ थांबायचं. मग सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे. जाळं वर येतं, दगड एकेक करून फळ्यांवर टेकतात. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं सांगतात. काही अभ्यासक म्हणतात, पोर्तुगीजांनी ती चीनजवळच्या मकाऊहून आणली. कुणी का आणेना, आज ती कोचीचीच झाली आहेत.

जाळ्याच्या फळीवर एक म्हातारे काका उभे होते. त्यांना थोडी हिंदी येत होती.

"किती माणसं लागतात?" मी विचारलं.

"सहा. आज पाच."

"मग?"

काकांनी हसून माझ्याकडे दोर सरकवला. पिशवी बाजूला ठेवून मी ओढायला लागले. बाप रे! तळहात लाल झाले. बाकीचे चौघे एका ठेक्यात ओढत होते आणि काका ओरडून ठेका देत होते. जाळं हळूहळू वर आलं. त्यात मासे किती? ओंजळभर! दोन खेकडे आणि एक प्लास्टिकची पिशवी. मासे टोपलीत पडायच्या आत दोन मांजरं हजर.

"मुलं येत नाहीत या कामाला," काका म्हणाले. त्यांचा मुलगा एर्नाकुलमला मोबाइलच्या दुकानात आहे. रोजचा पगार ठरलेला, मग त्यानं ओंजळभर माशांसाठी दोर का ओढावा? काकांचं त्याच्यावर काही रागावणं नव्हतं. ते फक्त हिशेब सांगत होते. पूर्वी या किनाऱ्यावर बरीच जास्त जाळी होती, आता मोजकीच उरली आहेत. लाकूड महाग, दोर महाग, आणि सहावा माणूस मिळत नाही.

मी वहीत लिहिलं: जाळं – सहा.

दोरी ओढणारा कोण?

जाळ्यांपासून थोडं चाललं की सेंट फ्रान्सिस चर्च लागतं. बाहेरून साधंच. पण युरोपियनांनी भारतात बांधलेलं हे पहिलं चर्च समजतात. १५०३ मध्ये लाकडाचं होतं, १५१६ मध्ये दगडी झालं. १४९८ मध्ये कोण भारतात आलं? वास्को द गामा! बरोबर. तो तिसऱ्यांदा भारतात आला आणि १५२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, इथं कोचीतच वारला. त्याला या चर्चमध्ये पुरलं होतं. सुमारे चौदा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, पण ती जागा आजही कठडा घालून राखली आहे.

पुढे १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि १७९५ मध्ये इंग्रज आले. राज्यं बदलली तशी चर्चची मालकीही बदलत गेली. भिंतींना मोठमोठ्या दगडी शिळा लावल्या आहेत. त्यांवर त्या त्या काळातल्या बड्या लोकांची नावं.

मी मात्र वर बघत राहिले. बाकांच्या वर लांबच लांब कापडी पंखे टांगलेले आहेत. वीज नव्हती तेव्हा त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या असत आणि बाहेर उन्हात बसून एक माणूस त्या ओढत राही. आत प्रार्थना चाले, वारा लागे. ज्यांनी वारा घेतला त्यांची नावं शिळांवर कोरली आहेत. ज्यानं दोरी ओढली त्याचं नाव कुठंच नाही. वहीत मी त्याच्यासाठी एक ओळ मोकळी सोडली.

चर्चसमोर मोठं मैदान आहे. कडेला पर्जन्यवृक्ष. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, आता इथं घरचं. एकेका झाडाची सावली आपल्या शाळेच्या पटांगणाएवढी! संध्याकाळ झाली किंवा आभाळ दाटलं की ते पानं मिटून घेतं. मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती. गोल झाला की जो आरडाओरडा होतो, त्याला भाषांतर लागत नाही.

जवळच्या टपरीवर मी पुट्टू खाल्लं. तांदळाचं पीठ आणि ओला नारळ नळीत थरावर थर भरून वाफवायचा, आणि वर काळ्या हरभऱ्याची आमटी. वाढणारे मामा तिसऱ्यांदा आमटी घालायला आले तेव्हा मी जोरात म्हटलं, "मदी!" अख्खी टपरी हसली.

कपडे, कबुतरं आणि 'उद्दाक'

तिथून दक्षिणेला वेळी नावाच्या भागाकडे चालत गेले. तिथं धोबीखाना आहे. युरोपियन सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ मुलखातून धोबी आणले गेले, त्यांचे वंशज आजही इथं हे काम करतात. मैदानभर दोऱ्या, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. चिमटा एकही नाही! दोन दोऱ्या एकमेकींत पिळलेल्या असतात, त्या पिळात कापडाचं टोक खुपसायचं की झालं. एक मावशी तांदळाची कांजी घालून धोतरं कडक करत होत्या. शेजारी एक काका कोळशाची इस्त्री फिरवत होते. मी ती उचलून पाहिली. एका हातानं जेमतेम उचलली गेली. पिढ्यान्‌पिढ्या केरळात राहूनही ही मंडळी आपसात तमिळच बोलतात.

पुढे मट्टनचेरी. इथं एक रस्ताच गुजराती रस्ता म्हणून ओळखला जातो! दुकानांवर गुजराती पाट्या, फरसाणाचा वास. रस्त्यावर जैन मंदिर आहे. दुपारी बाराच्या सुमारास तिथं दाणे टाकतात आणि आभाळातून कबुतरांचा लोंढाच्या लोंढा खाली उतरतो. पंखांचा वारा तोंडावर येतो. शेजारी उभ्या असलेल्या एका छोट्या मुलीनं कान झाकून घेतले होते, पण डोळे मात्र टक्क उघडे.

आता खरी गंमत ऐका. तिथून जवळच चेर्लाई हा भाग आहे. तिथं तिरुमल देवाचं मोठं देऊळ, आणि भोवती गौड सारस्वतांची वस्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून पुष्कळ कुटुंबं निघाली. काही होड्यांतून किनाऱ्यानं इतक्या लांब आली. कोचीच्या राज्यात त्यांना आसरा मिळाला.

ऊन मी म्हणत होतं. बाटली रिकामी झालेली. एका घराच्या ओटीवर एक आजी बसल्या होत्या. मी माझा पाठ केलेला शब्द काढला, "अम्मा, वेळ्ळम?" आजींनी आत बघून हाक मारली, "उद्दाक हाड!"

मी दचकलेच. आपल्याकडे 'हाड' म्हणजे काय, आणि 'हाड हाड' कुणाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे! पण कोंकणीत 'हाड' म्हणजे 'आण'. आणि 'उद्दाक' म्हणजे आपलं उदक! पाणी आलं. मग मी सावकाश मराठीत बोलायला लागले आणि आजी सावकाश कोंकणीत. घर, हात, नाक हे शब्द दोघींचे सारखेच. निम्मं कळलं, निम्मं हातवाऱ्यांनी भागवलं.

"शाळेत कोंकणी शिकवतात का?" मी विचारलं.

"शाळेत मल्याळम. कोंकणी घरात."

"मग साडेचारशे वर्षं टिकली कशी?"

आजींनी पाणी घेऊन आलेल्या नातीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे. दोन बोटं वर केली. घरात दोघं बोलणारी असली की पुरे, असं त्यांचं म्हणणं. नात गालात हसली आणि कोंकणीतच काहीतरी पुटपुटत आत पळाली. आजी पोट धरून हसल्या. माझ्याबद्दलच असणार!

या लोकांची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. डचांच्या काळात हेन्ड्रिक व्हान रीड नावाचा कारभारी इथं होता. त्याला इथल्या झाडापाल्याचं फार कुतूहल. त्यानं 'हॉर्टस मलबारिकस' म्हणजे 'मलबारची बाग' हा भला थोरला ग्रंथ तयार करवला. सातशेहून जास्त वनस्पती, त्यांची चित्रं आणि औषधी उपयोग. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. पण माहिती कुणी दिली? इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी पंडितांनी. या तिघांनी १६७५ मध्ये कोंकणीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात जसाच्या तसा छापला आहे. आणि तो आहे नागरी लिपीत! १६७४ हे रायगडावरच्या राज्याभिषेकाचं साल. त्याच्या पुढच्याच वर्षी कोचीत लिहिलेली ही अक्षरं हॉलंडमध्ये छापली गेली. तुम्ही आत्ता जी लिपी वाचताय ना, तीच ही.

वहीत लिहिलं: भाषा – दोन.

दहावा माणूस

जेवण झालं आणि आभाळ भरून आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात केरळात दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येतो, त्याला तिथं 'तुलावर्षम' म्हणतात. छत्री उलटी व्हायच्या आत मी मट्टनचेरीच्या राजवाड्यात शिरले. याला 'डच पॅलेस' म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी नंतर दुरुस्ती केली, नाव मात्र त्यांचं लागलं! आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलं आहे. दशरथाच्या यज्ञापासून राम अयोध्येला परत येईपर्यंत. रंग सगळे झाडांपासून आणि मातीखनिजांपासून केलेले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी एकेक प्रसंग ओळखत भिंतीकडेनं सरकत होते. हे ओळखायला मल्याळम यावं लागत नाही.

पाऊस थांबला. राजवाड्याला लागून देवीचं देऊळ आहे, आणि देवळाच्या भिंतीला लागून ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग. एकच भिंत दोघांत! पूर्वी ज्यू लोक कोडुंगल्लूरच्या बाजूला राहत. तिथं छळ झाला म्हणून ते कोचीला आले. राजानं त्यांना जागा दिली ती आपल्या वाड्याच्या शेजारी. १५६८ मध्ये हे मंदिर उभं राहिलं.

चपला बाहेर काढून आत पाऊल टाकलं आणि पायांना गारवा लागला. जमिनीवर निळ्यापांढऱ्या चिनी फरश्या. प्रत्येक फरशी हातानं रंगवलेली, म्हणून एकीसारखी दुसरी नाही असं सांगतात. वर काचेची रंगीत झुंबरं. मधोमध पितळी कठड्याचा मंच. बाहेर १७६० मध्ये बांधलेला घड्याळाचा मनोरा. त्याच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन, मल्याळम असे वेगवेगळ्या लिपींतले आकडे. जो जिकडून बघेल त्याला आपल्या लिपीत वेळ कळावी! १९६८ मध्ये मंदिराला चारशे वर्षं झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी इथं आल्या होत्या. टपाल खात्यानं तिकीटही काढलं होतं.

सगळं आहे. फरश्या आहेत, झुंबरं आहेत. मग कमी काय आहे?

ज्यू धर्मात पूर्ण सामुदायिक प्रार्थनेसाठी जुन्या रिवाजाप्रमाणे निदान दहा पुरुष हजर असावे लागतात. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तोही मोजला जातो. म्हणजे आपल्या आठवीतला मुलगा. नऊ मोठी माणसं जमली असतील आणि आठवीतला एक मुलगा धावत आला, तर प्रार्थना सुरू होऊ शकते. पण १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. कुणी हाकललं नाही. आपल्या धर्माच्या देशात जावं असं त्यांना वाटलं. जाताना तिथल्या बायकांनी आपली मल्याळम गाणी बरोबर नेली. इकडे माणसं कमी कमी होत गेली. आता कोचीतच राहणारी अशी दहा माणसं इथं नाहीत. बाहेरगावचे ज्यू पाहुणे आले तरच दहा भरतात.

हे वाचून तुम्हाला आपल्या कोकणातले बेने इस्रायली आठवतील. अलिबाग, पेण, रेवदंडा भागात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर अशी. बोलणं मराठी. त्यांच्यातलेही बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथं जाऊन मराठी बोलत राहिले.

मंदिराबाहेरच्या गल्लीत आता बरीचशी दुकानं काश्मिरी व्यापाऱ्यांची आहेत. तिथंच एका ज्यू आजींचं भरतकामाचं दुकान होतं. प्रार्थनेच्या टोप्या, सणाच्या पावावर झाकायचे रुमाल त्या स्वतः भरत. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या. उतारवयात त्यांची काळजी कुणी घेतली असेल? शेजारच्या एका मुसलमान माणसानं. त्यानं त्यांचं दुकानही सांभाळलं. माणूस कमी पडतो तेव्हा कधी कधी शेजारी पुढे येतो, तो असा.

पण नेहमीच येतो असं नाही. याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कडवुंभागम नावाचं आणखी एक जुनं सिनेगॉग होतं. लोक गेले, प्रार्थना थांबली, इमारतीचं गोदाम झालं. आतलं सुंदर लाकूडकाम जेरुसलेमच्या संग्रहालयात गेलं. आणि २०१९ च्या पावसात इमारतीचा दर्शनी भाग कोसळला.

वहीत लिहिलं: प्रार्थना – दहा.

वास आणि वही

संध्याकाळी बाजार रस्त्यानं परत निघाले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जुनी गोदामं. मधेच सुंठीचा वास, मग मिरीचा, मग वेलदोड्याचा. डोळे मिटून चाललं तरी कोणतं गोदाम आलं ते सांगता येईल! या मिरीसाठी पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून समुद्र ओलांडला, लढाया केल्या. आता काही गोदामांत हॉटेलं आणि चित्रांची दालनं झाली आहेत. २०१२ पासून इथं मोठं कलाप्रदर्शन भरतं, त्यातली चित्रंही अशाच जुन्या गोदामांत लावतात. एका गोदामात मात्र अजून पोती चढत-उतरत होती. हमाल एकमेकांना ओरडून काहीतरी सांगत होते. मी मोजलं. गाडीवर दोघं, खाली चौघं.

दिवसभरात आठेक किलोमीटर चालणं झालं असेल. पायांना फोड एक, वहीची पानं अकरा. परतीच्या बोटीत बसून मी ती वही चाळली. पोर्तुगीज, डच, इंग्रज यांची सालं बरीच लिहिली होती. पण पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले ते छोटे आकडे. सहा, दोन, दहा. गाव किल्ल्यांनी आणि राजवाड्यांनी उभं राहतं असं आपण समजतो. कोचीत मला दिसलं ते वेगळं. भिंत, फरशी, झुंबर हे सगळं चारशे-पाचशे वर्षं टिकतं. पण जाळं वर यायला सहावा माणूस लागतो, भाषेला ऐकणारी नात लागते आणि प्रार्थनेला दहावा.

आता तुमच्यासाठी एक काम. कोचीला जायलाच हवं असं नाही. येत्या रविवारी आजीआजोबांना किंवा आईबाबांना बरोबर घ्या आणि आपलंच गाव, आपलीच पेठ पायी फिरा. वही घ्या. पालखी उचलायला किती माणसं लागतात? भजनी मंडळात टाळकरी किती हवेत? रहाटगाडगं, कुंभाराचं चाक, जत्रेतला दशावतार, तालमीतली लाठी, यांतलं तुमच्याकडे काय चालू आहे आणि काय बंद पडलं? बंद पडलं असेल तर विचारा, "किती माणसं कमी पडली?"

उत्तर 'एकच' असं आलं, तर मग स्वतःचं वय मोजा बरं!

आणि काय सापडलं ते आपल्या साप्ताहिकाला पत्रानं नक्की कळवा. मी वाट बघते.